नव्या मालकिणीला सांगायच्या गोष्टी

देवराम साळवी यांनी आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती, आणि आज त्यांना एका मुलीला मोटरसायकल कशी सांभाळावी ते सांगायचे होते. सकाळपासून त्यांची मनातल्या मनात उजळणी चालली होती. दाढी करताना साखळीचे तेलपाणी झाले, आंघोळ करताना टायरमधली हवा झाली, आणि चाकाच्या तारा कशा तपासायच्या ते आठवण्याच्या नादात चहा गार झाला.

"परीक्षेला बसताय की काय?" सुमतीबाईंनी विचारले. "ती पोरगी रोज गाडी चालवणारी. तिला तुम्ही काय शिकवणार?"

"शिकवत नाही गं. पण घेणाऱ्याला कुणीतरी चार गोष्टी सांगायला हव्यात. सिद्धेश असता तर त्यानं सांगितल्या असत्या."

सुमतीबाई गार झालेला कप उचलून आत गेल्या.

गाडी सिद्धेशची, त्यांच्या एकुलत्या मुलाची. उंच, अंगाने सडसडीत, रस्त्यावर चालते तशी रानातही चालेल अशी. अशा गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, हे देवरामांना गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून कळले होते. सिद्धेश गेल्यापासून ती पुस्तिका त्यांनी इतक्यांदा वाचली होती की कुठले वाक्य डाव्या पानावर आणि कुठले उजव्या, हेही त्यांनी सांगितले असते. त्यांची सारी नोकरी ठाण्यातल्या एका वाचनालयात गेली. जे हाताने करता येत नाही ते वाचून काढायचे, ही त्यांची जुनी खोड. पोहणे वाचले, बागकाम वाचले, तबलासुद्धा वाचला. अशाने कुठली गोष्ट खरोखर हाती लागते का, अशी शंका त्यांना स्वतःलाच येई. पण दुसरे काही जमतही नव्हते.

सिद्धेशला जाऊन दोन वर्षे होत आली होती. दसऱ्याच्या पहाटे तो माळशेजला निघाला. कल्याणला मित्र भेटणार होते. "दुपारी पूजेला घरी येतो," म्हणाला. साकेतच्या पुलापुढे, खारेगावच्या अलीकडे, एक टेम्पो वळत होता, त्यावर जाऊन आदळला. टेम्पोवाला पोलिसांना म्हणाला, "साहेब, पोरगा थांबलाच नाही. सरळ आला." पहाटेचा मोकळा रस्ता, दांडगी गाडी, तरणे पोर. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की जोरात होता. पोलिसांनी तेच लिहिले, तेराव्याला जमलेले नातेवाईक तेच बोलले, आणि देवरामही तेच धरून बसले. पहिले वर्षभर तर त्यांच्या मनात दुःखापेक्षा रागच जास्त होता. फोटोला हार घालताना ते मनात म्हणत, किती वेळा सांगितले होते रे, हळू चालव.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पावसाळाभर पडून होती. मग सिद्धेशच्या ऋतुराज नावाच्या मित्राने ती सोडवून आणली, पुढचे चाक आणि ब्रेक नवे बसवले, आणि नौपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली आणून उभी केली. ती विकावी असे दोघांच्याही मनात नव्हते. पण आता बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली होती, आणि भाड्याने मिळालेल्या जागेत गाडी लावायची सोय नव्हती. पुण्याला नोकरीला गेलेल्या ऋतुराजनेच फोनवरून गिऱ्हाईक शोधून दिले. कागदपत्रांचे सगळे सोपस्कारही झाले. आज ती मुलगी गाडी न्यायला येणार होती.

शिवानी तिचे नाव. राहायला टिटवाळ्याला, नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात. मुरबाडच्या बाजूच्या वाड्या-पाड्यांवर लसी टोचत फिरायचे काम. ती हातात हेल्मेट घेऊन स्टेशनपासून चालतच आली.

"रिक्षावाला विचारतो कसा, मॅडम, हेल्मेट घालून रिक्षात बसणार का? म्हटलं, तुझी रिक्षा बघून तोच विचार करतेय. झालं, रागावला आणि गेला निघून."

सुमतीबाई खळखळून हसल्या. तो आवाज ऐकून देवरामांनी दचकून वर पाहिले.

चहा झाल्यावर तिघे खाली आले. शिवानी गाडीपुढे उभी राहिली आणि बघतच राहिली.

"बाप रे काकू! ही जुनी गाडी आहे? मी पाहिलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांवर बोटभर माती होती."

"दर रविवारी पुसते मी. आज तर उजाडल्या उजाडल्या पुसली. लेक सासरी निघाली म्हटल्यावर नटवायला नको?" सुमतीबाईंनी तिला निरखून पाहिले. "चढून बघ बरं. पाय तरी टेकतात का गं तुझे?"

शिवानी टांग टाकून बसली. "एक टेकतो काकू. दुसरा गणपतीच्या भरवशावर."

"शोभतेस खरी टिटवाळ्याची! थांब, आरतीचं ताट आणि नारळ घेऊन येते. तोवर ह्यांचं व्याख्यान ऐकून घे. सकाळपासून पाठ करतायत."

त्या जिना चढून गेल्या. देवराम घसा खाकरून उभे राहिले. परक्या माणसाशी बोलायचे म्हणजे त्यांना अवघड जाई, आणि त्यातून ही हसरी मुलगी अगदी तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे, मला चालवता येत नाही. तुम्हाला हे सगळं माहीतच असेल."

"काका, अहो-जाहो नका करू. आणि सांगा बिनधास्त. मी आजवर स्कूटरच चालवलीये, माझी ही पहिलीच."

मग त्यांनी एकेक सुरू केले. खडकाळ वाटेवरून आल्यावर चाकाच्या तारा बोटाने हलवून बघायच्या, एखादी सैल झाली असेल तर लगेच आवळून घ्यायची. धुळीत फार फिरणे झाले तर हवेची जाळी लवकर साफ करायची. साखळी फार ताणून ठेवायची नाही, कारण ही गाडी खड्ड्यात जास्त खालीवर होते. टाकीत जुने पेट्रोल आहे, ते आधी काढून टाकायचे. गाडी उंच आहे, तेव्हा उतारावर उभी करताना तोंड चढाकडे ठेवायचे. शिवानी "बरं", "हे माहीत नव्हतं", "हे भारी आहे" म्हणत ऐकत होती, आणि देवरामांना थोडा धीर येत होता. आपण इतके सलग बोलतो आहोत याचे त्यांना मनातून नवल वाटले.

"आणि चाकातली ही जी गोल चकती असते, तिला तेल किंवा ग्रीस अजिबात लागू द्यायचं नाही. पुस्तिकेत चौकट करून दिलंय. ब्रेक तिच्यावरच लागतो ना."

"हो, डिस्क," असे म्हणत शिवानी खाली वाकली आणि सहज त्या चकतीवरून बोट फिरवले. बोट उजेडात धरून बघितले. मग नाकाशी नेले. आणि तिला हसू फुटले.

"काका, गाडीला चंपी केली का कुणी? खोबरेल आहे हे!"

देवरामांना आधी काही उमगलेच नाही. शिवानीने मागच्या चकतीलाही बोट लावले. तिथेही तेच. आता ती हसायची थांबली. गाडी स्टँडवरून काढून तिने चार पावले पुढे ढकलली, आणि हँडलचा ब्रेक घट्ट दाबला. गाडी तशीच हळूहळू पुढे जात राहिली.

"पूर्ण दाबलाय मी. बघा," ती म्हणाली. "थांबतच नाही."

थांबलाच नाही. सरळ आला.

देवरामांनी शेजारच्या खांबाला हात लावला. त्यांना दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमीची संध्याकाळ आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा ती समोर येऊन उभी राहिली. सुमतीबाईंचे माहेर संगमेश्वराकडचे. तिथे त्यांचे वडील खंडेनवमीला कोयता, विळा, कुदळ सगळे धुऊन काढत, पात्यांना खोबरेल चोळत, मग हळदकुंकू लावत. शहरात कसला कोयता आणि कसली कुदळ. सिद्धेश दरवर्षी दसऱ्याला आपली गाडी आपणच धुई. त्या वर्षी मात्र त्याला कामावरून यायला उशीर होणार होता, म्हणून आईने गाडी स्वतः हाती घेतली होती. संध्याकाळी ती वर आली ती तेलकट हात पुढे धरूनच. किती खुशीत होती! म्हणाली, "अहो, चाकातली ती गोल पाती आहेत ना, तांबूस व्हायला लागली होती. बाबांच्या कोयत्यासारखी लख्ख केली. सकाळी बघेल तेव्हा ओळखायचा नाही." देवराम खुर्चीत वाचत बसले होते. त्यांनी "हं" म्हटले आणि पान उलटले.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो निघाला. नौपाड्यातून साकेतपर्यंत त्या वेळी रस्ता रिकामा असतो. जोराने ब्रेक दाबायची वेळ त्याच्यावर त्या टेम्पोपर्यंत आली तरी असेल का?

"काका, बसा जरा. काय झालं?"

त्यांनी तिला सांगितले. तुटक तुटक, खाली बघत, पण सगळे सांगितले. अपघातात पुढचा ब्रेक मोडलाच होता, मागचा पावसात धुऊन निघाला. कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

शिवानीचा चेहरा उतरला. "नाही हो काका. असं एकाच गोष्टीनं होत नसतं. तो सरावलेला होता. एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर कळलंच असतं त्याला."

"हो. तसंही असेल."

"तसंच असेल."

"असेल," देवराम म्हणाले. "पण मी दोन वर्षं त्याला..."

खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यांच्या मनात सर्वांत आधी आला तो आनंद. पोरगा बेफाम नव्हता. त्याने ब्रेक दाबला होता, जीव खाऊन दाबला असेल. नातेवाईकांना एकेक फोन करून हे सांगावे, बिल्डिंगच्या मधोमध उभे राहून ओरडून सांगावे, असे त्यांना वाटले. आजवर कधी आवाज न चढवलेल्या माणसाला असे वाटले. तेवढ्यात जिन्यावर बांगड्यांचा आणि ताटातल्या निरांजनाचा किणकिणाट ऐकू आला, आणि त्यांच्या लक्षात आले की हे आपल्याला कुणालाही, कधीही सांगता येणार नाही. मुलाच्या नावावरचा डाग काढायचा तर तो त्याच्या आईच्या पदराला पुसावा लागणार होता.

"तिला कळता कामा नये," ते घाईने म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

"काका! काय बोलताय. पण मी ही आत्ता चालवत कशी नेऊ? आतले पॅड तेल प्यायलेत, ते बदलावेच लागतील."

"काहीतरी सांग तिला. मला खोटं बोलता येत नाही."

"मला येतं. गुरांच्या मालकांशी रोज बोलते मी," शिवानी म्हणाली, आणि तिने बोट जीन्सला खसाखसा पुसले.

सुमतीबाई खाली आल्या. त्यांनी गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावले, हँडलला झेंडूचा हार घातला, ओवाळले, नारळ फोडून पाणी चाकावर शिंपडले. शिवानीच्या कपाळालाही कुंकू लावले. सगळे झाल्यावर पिशवीतून खोबरेलाची नवी बाटली आणि मऊ सुती लुगड्याचा धुऊन घडी घातलेला तुकडा काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

"हे माझ्याकडून. आठवड्यातून एकदा पुसत जा. आणि चाकातली ती गोल पाती विसरू नकोस हो, आधी तीच गंजतात."

"नाही विसरणार काकू," शिवानी म्हणाली आणि तिने ते सॅकमध्ये अगदी तळाशी घातले.

"आणि हळू चालव गं बाई. आमच्या पोरानं ऐकलं नाही कधी." सुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "अहो, तुम्ही सांगितलंत ना तिला? सगळं सांगाल आणि मुख्य तेच विसराल. सांगा ना, कसा चालवायचा तो."

दोघीही त्यांच्याकडे बघत होत्या. एकीला काही माहीत नव्हते आणि दुसरीला सगळे.

"जोरात चालवायचा," देवराम म्हणाले. "फार जोरात. ऐकायचा नाही."

हे वाक्य ते दोन वर्षे बोलत आले होते, आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाजवळ. तोंडाला त्याची सवय झाली होती. पण आज ते बोलताना आपण पोराच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करतो आहोत असे त्यांना वाटले.

शिवानीने चटकन मान वळवली. "काकू, एक घोटाळा झालाय. बॅटरी उतरलीये. कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी लागणार."

"अगं बाई! शुभ मुहूर्ताला ढकलत?"

"माहेरून निघताना पाय जड व्हायचेच ना काकू."

सुमतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "चल, ने. मी नाही येत फाटकापर्यंत. अहो, तुम्ही जा, हात लावा मागून."

शिवानीने हँडल धरले आणि देवरामांनी मागून दोन्ही हात टेकले. मुलगा असताना त्यांनी या गाडीला कधी हात लावला नव्हता, आणि तो गेल्यावर तर नाहीच. गाडी वाटली होती त्यापेक्षा जड होती. गल्लीतून जाताना कुणी ओळखीचे भेटले की ते मान खाली घालत. निम्म्या वाटेवर त्यांना धाप लागली, तेव्हा शिवानी थांबली.

"काकूंना कधीच नाही सांगणार?"

"सांगून तिच्या हाती काय लागणार आहे?"

"आणि तुमच्या?"

एवढी पुस्तके वाचली, पण अशा वेळी कुठलेच आठवले नाही. ते पुन्हा गाडीला टेकले आणि ढकलू लागले.

गॅरेजशी आल्यावर शिवानी वाकून त्यांच्या पाया पडली. ते आशीर्वादाचे काहीतरी पुटपुटले. निघताना हळू चालव म्हणायचे, असे त्यांनी सकाळपासून ठरवले होते. शब्द ओठांवर आला आणि त्यांना तो उच्चारवेना.

"ब्रेक नीट बघून घे," एवढेच ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते भाजी घेऊन परतले तेव्हा सुमतीबाई बिल्डिंगखाली बसलेल्या दिसल्या. गाडीच्या रिकाम्या जागेशेजारी तळमजल्यावरच्या प्रियांकाची स्कूटर उभी असे. ती मुलगी त्या स्कूटरवरून रोज घोडबंदर रोडला कामाला जायची. सुमतीबाईंनी स्कूटरचा वरचा भाग पुसून चकचकीत केला होता. शेजारी तेलाची बाटली उघडी होती, आणि फडक्याचे टोक तेलात बुडवून त्या पुढच्या चाकाकडे वळत होत्या.

"आलात?" त्या वर न बघता म्हणाल्या. "हात रिकामे राहवेनात बघा. म्हटलं, खंडेनवमी तोंडावर आलीय, या पोरीच्या गाडीकडे बघायला कुणाला वेळ आहे? मीच पुसून देते."

देवरामांच्या हातातली पिशवी खाली पडली. "ऊठ."

"अहो, विचारलंय मी तिला. काकू, तुमचे उपकार होतील म्हणाली."

"ऊठ म्हणतो ना!" त्यांनी फडके तिच्या हातातून ओढून घेतले. आवाज इतका मोठा निघाला की तळमजल्यावरची एक खिडकी उघडली.

सुमतीबाई थक्क होऊन बघत राहिल्या. "काय झालं एवढं?"

काय झाले ते त्यांच्या जिभेवर होते. ते तिने एकदा ऐकले असते, तर पुन्हा कधी कुणाच्या गाडीला हात लावला नसता. आणि स्वतःच्या हातांकडेही पुन्हा कधी बघू शकली नसती. देवरामांना दुसरे कारण हवे होते, आणि ते सुचायला एक क्षणच होता.

"लोकांच्या गाड्या पुसत बसलीस. बिल्डिंगमधले काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील, हे शब्द त्या घरात आजवर कधी कुणी उच्चारले नव्हते. सुमतीबाई गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठल्या.

"लाज वाटते तुम्हाला माझी?"

खिडकीतले माणूस ऐकत होते. नाही म्हटले असते तर ती हसली असती, आणि पुढच्या रविवारी पुन्हा इथेच येऊन बसली असती.

"हो," देवराम म्हणाले. "वाटते."

सुमतीबाईंनी बाटलीचे झाकण लावले, ते नीट बसले आहे का बघितले, आणि बाटली नवऱ्याच्या हातात दिली. सांडलेली भाजी एकेक करून पिशवीत भरली. जिन्याच्या वळणावर पोचल्यावर, मागे न बघता, त्या म्हणाल्या, "पानं घेते. जेवायला यावं."

पाहुण्याला सांगावे, तसे.